मोटर पाणी खेचत नाही

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांच्या हट्टापायी मी एक मोटर मागवली. अर्ध्या एचपीची. आमच्याकडं तिला टिल्लू म्हणतात. फोनवरून ऑर्डर केली, दोन दिवसांत दारात आली, प्लंबरनं अर्ध्या तासात नळाच्या लाइनला थेट जोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटलं, बाबांनी बटण दाबलं आणि जो हौद भरायला एरवी तास पुरायचा नाही, तो वीस मिनिटांत काठोकाठ भरला. बाबा म्हणाले, ‘पोरगा इंजिनिअर असल्याचा हा पहिला उपयोग.’ मी पण हसलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या काकू आल्या. भांडायला आल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, ‘तू शिकलेला आहेस, जरा येऊन बघ बाळा, आमच्या नळाला काय झालंय.’ मी गेलो. काकूंचा नळ जमिनीवर नाही, खड्ड्यात आहे. पाणी वर चढत नाही म्हणून आमच्या भागात अनेकांनी असे दोन-तीन फुटांचे खड्डे करून नळ खाली नेलेत. त्या खड्ड्यात उतरून काकू म्हणाल्या, ‘तोंडाला तळवा लाव.’ मी लावला. तळवा चिकटला. नळातून पाणी येत नव्हतं, नळ माझा हात आत ओढत होता.

‘तुमच्याकडं मोटर सुरू झाली की असं होतं,’ काकू म्हणाल्या. ‘आधी धार बारीक व्हायची. आता उलटंच ओढतं.’

मी कम्प्युटर इंजिनिअर आहे. बारावीला फिजिक्समध्ये चांगले मार्क होते. बर्नुलीचं समीकरण झोपेतही लिहिलं असतं, विमानाचा पंख आणि अत्तराची फवारणी ही दोन उदाहरणंही दिली असती. पण माझ्याच घरातल्या बटणाला आणि काकूंच्या नळाला जोडणारं फिजिक्स माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. हा लेख त्या लाजेतून लिहितोय. आणि थोडा रागातूनही, कारण ही लाज एकट्या माझी नाही. हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांच्या घरी अशी मोटर असेल, अशी माझी दाट शंका आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मोटर पाणी खेचत नाही. कुठलाच पंप पाणी खेचत नाही. खेचणं असा प्रकार पाण्याच्या बाबतीत नसतोच, असतं ते फक्त ढकलणं. स्ट्रॉनं उसाचा रस पिताना आपण तो ओढतोय असं वाटतं. आपण फक्त तोंडातल्या हवेचा दाब कमी करतो. ग्लासातल्या रसावर बाहेरची हवा दाबत असते, दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो. आत दाब कमी झाला की ही बाहेरची हवा रसाला स्ट्रॉमधून वर ढकलते.

हे कळायला माणसाला बरीच वर्षं लागली. विहिरीवरचे पंप साधारण दहा मीटरच्या वर पाणी का चढवत नाहीत, हा प्रश्न गॅलिलिओच्या काळात पंपवाल्यांना पडला होता. त्याचा शिष्य टॉरिचेल्ली यानं १६४४ च्या सुमारास सांगितलं की आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि पाण्याला वर ढकलणारं वजन त्या हवेचं आहे. १६४८ साली पास्कलच्या मेहुण्यानं पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधला प्वी द डोम हा डोंगर चढला. जसजसा वर गेला तसतसा पारा खाली आला. वर हवा कमी, म्हणून दाब कमी. वाद मिटला. म्हणजे जमिनीवर ठेवलेला कितीही ताकदीचा पंप खालचं पाणी १०.३ मीटरपेक्षा वर ओढू शकत नाही, कारण ओढणारा तो नसतोच. ढकलणारी हवा तेवढंच ढकलू शकते.

आता हे आपल्या गल्लीत आणा. मोटर सुरू झाली की ती आपल्या नळाच्या तोंडाशी दाब कमी करते. मग पाणी तिकडं ढकललं जातं. कुठून? जिथं दाब जास्त आहे तिथून. गल्लीची पाइप एकच आहे. तुमच्याकडं जास्त पाणी वळलं म्हणजे त्या सामाईक पाइपमधून जास्त पाणी वाहू लागलं, घर्षणात दाब आणखी गेला आणि पुढच्या घरांपर्यंत उरला तो कमी उरला. सगळ्या मोटरी एकदम चालू झाल्या की शेवटच्या नळापाशी दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. माझा तळवा चिकटला तो असा. त्या क्षणी बाहेरची हवा काकूंच्या नळातून आत शिरून आमच्या हौदाकडं निघाली होती.

हवाच शिरते असं नाही. आमच्या गल्लीत घरोघरी जाणाऱ्या जीआयच्या पाइपा गटारातून गेल्यात. तुमच्याकडंही बघा. बहुतेक जुन्या वस्त्यांत हेच चित्र दिसेल. जोड गंजलेले, कुठं चिंधी बांधलेली, कुठं सायकलच्या ट्यूबचा तुकडा. पाइपमध्ये दाब असेल तोवर गळती बाहेरच्या बाजूला होते. पाणी वाया जातं, पण गटार आत येत नाही. दाब हाच त्या पाइपचा चौकीदार आहे. दाब उणे झाला की चौकीदार गेला. मग त्याच भोकातून गटाराचं पाणी आत ढकललं जातं आणि शेजाऱ्याच्या पाण्याबरोबर तुमच्या टाकीत येऊन बसतं. मोटरवाल्यांनो, तुम्ही शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी घेताय हा नैतिक मुद्दा घटकाभर बाजूला ठेवा. तुम्ही वर्गणी काढून गटार पिताय, हा फिजिक्सचा मुद्दा आहे.

‘आमच्याकडं आरओ आहे,’ असं एका मित्रानं मला यावर ऐकवलं. असेल. काकूंकडं नाही. आणि तुझी भांडी, तुझी आंघोळ, तुझ्या पोराचं दात घासणं आरओच्या पाण्यात होत नाही. ज्याच्यामुळं घाण आत आली त्याच्याकडं फिल्टर आहे आणि ज्याचं पाणी गेलं त्याच्याकडं नाही, या वाटपाला तू सोय म्हणतोस. मला दुसरा शब्द सुचतो.

आता उलट बाजू. बाबांचा युक्तिवाद साधा होता: ‘सगळ्यांनी लावल्यात. आपण नाही लावली तर आपल्याला पाणी मिळणार नाही.’ खरं आहे. त्यांच्यापुरतं पाहिलं तर त्यात चूक काढता येत नाही. दहावीचा निकाल लागतो तेव्हा साइट का बसते, हे तुम्हाला माहीत आहे. सगळे एकाच मिनिटाला लॉगिन करतात. पान उघडलं नाही की प्रत्येकजण रिफ्रेश मारतो. रिफ्रेशमुळं सर्व्हरवरचा भार वाढतो, म्हणून पान आणखी उघडत नाही, म्हणून आणखी रिफ्रेश. आमच्या कामात याला तोंड द्यायच्या रीती आहेत. दोन प्रयत्नांमध्ये अंतर वाढवत नेतात, प्रत्येकाला मर्यादा घालतात. कुणी उठून म्हणत नाही की लोकांनी जरा जोरात रिफ्रेश मारावं. मोटर म्हणजे जोरात मारलेलं रिफ्रेश आहे. आणि निकालाच्या साइटसारखंच, खरा प्रश्न हा की सगळ्यांना एकाच वेळी रांगेत उभं कुणी केलं?

इथं थोडं गणित करू. माणशी दिवसाला १३५ लिटर हे आपल्याकडं शहरी पाणीपुरवठ्याचं नेहमीचं मोजमाप आहे. पाच जणांच्या घराला ६७५ लिटर. चोवीस तास पाणी असेल तर सरासरी ताशी २८ लिटर लागतात. सकाळच्या घाईत तिप्पट धरा, ताशी ८४. आमच्याकडं पाणी रोज तासभर येतं. म्हणजे ते ६७५ लिटर एका तासात घ्यायचे. गर्दीच्या वेळेपेक्षाही आठपट वेगानं. पाइप मात्र तीच.

पाइपमध्ये घर्षणानं जाणारा दाब हा प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह दुप्पट तर दाबाचं नुकसान जवळजवळ चौपट. प्रवाह आठपट तर नुकसान पन्नास-साठ पट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी येणाऱ्या गावांत याहून वाईट. त्यात पाइप आतून गंजली असेल तर बघायलाच नको, कारण तेवढाच प्रवाह निम्म्या व्यासातून न्यायचा तर नुकसान साधारण बत्तीसपट होतं. टाकी वीस मीटर उंच असली तर तळाशी वीस मीटरचा दाब मिळतो, प्लंबरच्या भाषेत दोन किलो. तो टाकीच्या आकारावर अवलंबून नसतो, फक्त उंचीवर असतो. गावाबाहेर भलीमोठी, फुगीर टाकी बांधून तिच्यावर नेत्यांची नावं रंगवली म्हणून दाब वाढत नाही. तो दाब गल्लीत शिरता शिरता घर्षणात संपतो.

म्हणजे काकूंच्या नळाला पाणी नाही याचं कारण धरणात पाणी नाही हे असेलच असं नाही. तासभराचं वेळापत्रक हेच दाब खाऊन टाकतं. कमी वेळ दिलं म्हणून सगळे एकदम घेतात, एकदम घेतल्यानं दाब जातो, दाब गेला म्हणून मोटरी येतात, मोटरींमुळं उरलासुरला दाब जातो. पाणीपुरवठ्याचं केंद्र सरकारचं १९९९ चं मॅन्युअल सांगतं की एकमजली घरासाठी वितरणाच्या लाइनीत किमान सात मीटर दाब उरला पाहिजे, दुमजलीसाठी बारा, तीन मजल्यांसाठी सतरा. काकूंचं घर एकमजली आहे. सात मीटर हवेत. मिळतात शून्याहून कमी.

यावर नेहमीचं उत्तर: ‘चोवीस तास पाणी दिलं तर लोक वाया घालवतील.’ हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलंय त्या बहुतेकांच्या इमारतीवर टाकी आहे. त्यांना पाणी चोवीस तासच मिळतं. दुसऱ्याला मिळालं तर तो वाया घालवेल, एवढीच त्यांना काळजी. वाया कधी जातं ते आमच्या गल्लीत येऊन पहा. पाणी कधी सुटेल याचा भरवसा नाही म्हणून नळांना तोट्याच नाहीत. पाणी सुटलं की भांडं भरल्यावरही वाहत राहतं. आणि नवं पाणी आलं की बाया काल भरून ठेवलेलं ‘शिळं’ पाणी ओतून देतात. उद्याचा भरवसा नसलेला माणूस साठवतो, आणि साठवलेलं शेवटी ओततो.

चोवीस तास पाणी ही परदेशातली गोष्ट आहे असंही नाही. कराडजवळच्या मलकापुरात मीटर बसवून ते दीड दशकापूर्वीच देऊन दाखवलंय. मलकापूर म्हणजे काही सिंगापूर नव्हे. कर्नाटकात हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्ग्याच्या काही वॉर्डांत २००८ मध्ये हेच केलं गेलं. ओडिशातल्या पुरीत जुलै २०२१ पासून नळाचं पाणी थेट प्यायच्या लायकीचं, चोवीस तास देण्याची योजना सुरू झाली. हुबळी-धारवाडचं विशेष असं की एकाच शहरात काही भागांत अखंड पाणी होतं आणि बाकीच्यांत खंडित. बर्कलीच्या संशोधकांनी दोन्हींकडचं पाणी तपासून २०१३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. खंडित पुरवठ्याच्या नळांत दूषित पाणी कितीतरी जास्त वेळा सापडलं. वर गटाराची जी गोष्ट सांगितली तिच्यासाठी फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही, पण ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी आकडेही आहेत.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. चोवीस तास दाब ठेवला की जुन्या पाइपांतून गळतीही चोवीस तास होते. म्हणजे पाइपा बदलाव्या लागतात, जोड गटारातून बाहेर काढावे लागतात. जमिनीखालचं हे काम दिसत नाही, त्याची फीत कापता येत नाही, म्हणून ते होत नाही. मीटर बसवले तर गरिबाला परवडेल का, हा प्रश्नही खरा आहे. गरजेपुरतं पाणी जवळजवळ फुकट आणि त्यापुढं चढता दर, असा त्यावर मार्ग काढता येतो. पण आज गरीब फुकट पाणी घेतोय असं समजू नका. काकू पहाटे साडेचारला उठून खड्ड्यात बसतात. नळाला नाहीच आलं तर टँकरवाल्याकडून पिंपाच्या हिशोबानं घेतात. त्यांचा दर आमच्या पाणीपट्टीच्या कैकपट पडतो. मीटर त्यांच्याकडं आधीच आहे, फक्त तो त्यांच्या झोपेवर आणि कमरेवर चालतो.

पुण्याला पेशवाईत कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं होतं. वीज नव्हती, मोटर नव्हती. तलाव वर, शहर खाली, मधे उतार. तो सगळा मैलोगणती खेळ एका गोष्टीवर चालायचा: उंचीतला फरक. मी ते काही सुवर्णयुग म्हणून सांगत नाही, तेव्हाही पाणी कुणाला आणि कुणाला नाही याचे हिशोब होतेच. एवढंच म्हणायचंय की उंची ही सगळ्यांची सामाईक ठेव असते. टाकी उभी करायला सगळ्यांच्या कराचा पैसा लागतो. त्या उंचीतून मिळणारा दाब हाही सगळ्यांचा. पाण्याची चोरी आपल्याला कळते, कुणी शेजाऱ्याच्या हौदातून बादल्या भरल्या तर गल्ली गोळा होईल. दाबाची चोरी कळत नाही, कारण दाब दिसत नाही. तो आपल्याच घरात, आपल्याच बटणानं, आपल्याच विजेवर चोरला जातो. आणि वर त्याला आपण ‘पाणी खेचणं’ असं कष्टाचं नाव दिलंय, जणू विहिरीवर रहाट ओढतोय.

मोटर थेट लाइनला लावायला आमच्याकडं बंदी आहे. वर्षातून एकदा पथक येतं, चार मोटरी जप्त होतात, पेपरात फोटो येतो. पंधरा दिवसांत नव्या मोटरी. मी ही कारवाई चुकीची म्हणत नाही. पण तासभराचं वेळापत्रक तसंच ठेवून मोटरी जप्त करणं म्हणजे साइट तशीच ठेवून रिफ्रेश मारणाऱ्यांना दंड करण्यासारखं आहे.

आमची मोटर मी काढली. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. मग गल्लीतल्या अकरा घरांत फिरलो, तळव्याची गोष्ट सांगितली, दोघांना हाताला धरून काकूंच्या खड्ड्यात उतरवलं. नऊ घरांनी पंधरा दिवस मोटर बंद ठेवायचं कबूल केलं. सहाव्या दिवशी काकूंच्या नळाला चार हंडे पाणी आलं, मोटर नसताना. धार करंगळीएवढी होती, पण बाहेरच्या दिशेनं होती. मी पुण्याला परत आलो. आईनं फोनवर सांगितलं की बाराव्या दिवशी कुणाकडं तरी लग्नाचे पाहुणे आले आणि मोटर चालू झाली. मग पलीकडची. मग सगळ्या. आमची अजून जिन्याखाली पडून आहे, आणि बाबा तिच्याकडं बघून अधूनमधून उसासे टाकतात. त्यांना मी दोष देत नाही. अकरा घरांच्या चांगुलपणावर पाइपमधला दाब टिकत नसतो.

म्हणून शेवटी मागणं वेगळं आहे. नगरसेवक मत मागायला आले की आपण विचारतो, पाणी कधी येणार? ते म्हणतात, नवी टाकी मंजूर झालीय, योजना आलीय, कोटी एवढे. पुढच्या वेळी असं विचारा: आमच्या गल्लीतल्या शेवटच्या नळापाशी दाब किती मीटर असणार, आणि दिवसाचे किती तास? दाब मोजायचं घड्याळ फार महाग नसतं, गल्लीनं वर्गणी काढून आणावं. शेवटच्या नळाला लावावं, रोज सकाळचा आकडा फोटो काढून वॉर्डाच्या ग्रुपवर टाकावा. ‘पाणी कमी येतं’ या तक्रारीला ‘बघतो’ हे उत्तर असतं. ‘सात मीटर पाहिजेत, शून्य आहेत, आज सलग एकोणचाळिसावा दिवस’ याला काय उत्तर देतात ते बघू.

आणि तोवर, तुमच्या घरी टिल्लू असेल तर एक करा. उद्या सकाळी ती चालू असताना गल्लीच्या शेवटच्या घरी जा आणि त्यांच्या नळाला तळवा लावा.